गाणारी बाई गेली कुठे?

"ईअरफोन बिघडला, आता नवीन कोणता घेऊ?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी बिघडलेला घेऊन या. माझ्याकडे एक सोल्डरिंग आयर्न आहे आणि सल्ला फुकट आहे. एवढ्या भांडवलावर आमच्या गल्लीत मी जाणकार ठरलो.

मागच्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरची मुलगी आली. "काका, गाणं वाजून राहिलं, पण गाणारी बाईच गायब झाली!" ऐकलं तर खरंच. वाद्यं बऱ्यापैकी जागेवर, गायिका मात्र विहिरीच्या तळाशी. हा बिघाड माझा फार लाडका आहे. ३.५ मिमीच्या पिनवर डाव्या कानाचं कडं वेगळं, उजव्याचं वेगळं आणि दोघांची परतीची तार एकच, तिलाच अर्थिंग म्हणतात. ती सुटली की दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक कानावर येतो. बहुतेक गाण्यांत गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं गेलं, बाई गायब. वायर तुटते ती बहुधा पिनच्या मानेशी. पण पिन अर्धवट बसली तरी हेच होतं, म्हणून आयर्न तापवण्याआधी मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकनं सॉकेट कोरलं. जीन्सच्या खिशातला कापूस निघाला, चांगला हरभऱ्याएवढा. बाई परत आली.

एका कानात कमी ऐकू येत असेल तर उलटे घाला, डावा उजव्यात. कमीपणा त्याच कानात राहिला तर दोष कानाचा, दुसरीकडे गेला तर ईअरफोनचा किंवा मोबाइलचा. सेटिंगमधली डावी-उजवी पट्टी सरकली असेल तर तीही बघा. ईअरफोनचा असेल तर बहुतेक वेळा जाळीत मळ असतो. जाळी खाली धरून कोरड्या ब्रशनं झटका, म्हणजे तो आत जाणार नाही. अचानक एका कानाचं ऐकणंच गेलं असेल तर मात्र माझ्याकडे नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे.

ब्लूटूथवर "फोन आला की गाणं डब्यातून येते" ही तक्रार बिघाड नव्हेच. माइक सुरू झाला की जोडणी बोलण्याच्या पद्धतीवर जाते आणि गाण्याचा दर्जा पडतो.

आता चांगलं-वाईट कसं ठरवायचं? डब्यावरचं "२० ते २०,००० हर्ट्झ" वाचून तर नाहीच. त्या पट्ट्यात कुठे किती चढ-उतार आहे हे कळल्याशिवाय तो आकडा म्हणजे नुसतं डब्याचं नक्षीकाम. बेस नाही म्हणून नाक मुरडण्याआधी रबरी टोप्या बदलून बघा. डब्यात लहान-मोठ्या तीन जोड्या येतात आणि दोन तशाच राहतात. कानाशी फट राहिली की सर्वात आधी बेसच गळतो. दोन ईअरफोन तोलताना आवाज सारखा ठेवा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला गोड वाटतो. बर्डीवर, म्हणजे आमच्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, दुकानदार पहिला सरकवतो त्याचा आवाज कमी आणि महागड्याचा जास्त असतो की काय, असा मला दाट संशय आहे.

मी स्वतः पारखताना तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावतो. जवारीची, म्हणजे तारांखालच्या घोडीची, ती झणझण सुटी ऐकू आली, की वरचे स्वर ठीक. मग तबला: डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड, म्हणजे घसरता स्वर, घुमली पाहिजे, पण तिनं उजव्या हाताच्या तबल्याचं "ना" गिळता कामा नये. शेवटी ओळखीच्या आवाजातला "स" अक्षराचा उच्चार ऐकायचा. तो टोचला तर मी पैसे देत नाही.

हे सगळं शांततेत. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना नागपुरात ते कठीण, कारण कूलरची घरघर नेमकी खालचे स्वर झाकते. मग माणूस बेस कमी म्हणून आवाज वाढवत जातो आणि कानाची वाट लावतो. म्हणून मी कूलर बंद करून ऐकायला बसतो. दुसऱ्या मिनिटाला आतून हाक येते, "कूलर काऊन बंद केला?" तेवढ्यात जेवढं ऐकून होईल तेवढं.