नाव ठेवणं

कोल्हापुरात नाव ठेवल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. जन्मदाखल्यावरचं नाव पोस्टमनपुरतं. हाक मारायचं ते तालमीत मिळतं. आमच्या गल्लीत एकाला सगळे 'छत्री' म्हणतात. भांडण निघालं की हा छाती फुगवून, हात पसरून पुढं येतो आणि समोरचा जागचा हलला नाही की पहिला पळतो.

परवा भाच्यानं मोबाइलवर ऑस्ट्रेलियातला एक सरडा दाखवला. धोका दिसला की तोंड वासून मानेभोवतीची कातडी फाडकन पसरतो. तेवढ्यानं भागलं नाही तर मागच्या दोन पायांवर उठून झाडाकडं धूम.

"मामा, ही आपली छत्री!"

इंग्रजीत त्याला फ्रिल्ड लिझर्ड, म्हणजे झालरवाला म्हणतात. शास्त्रीय नाव क्लॅमिडोसॉरस किंगी. क्लॅमिस म्हणजे ग्रीक लोकांचं खांद्यावर घ्यायचं वस्त्र, सॉरस म्हणजे सरडा. थोडक्यात, उपरणंवाला. मला हेच जास्त पटलं. एरवी ती कातडी घडी होऊन खांद्यावरच पडलेली असते. 'किंगी' मात्र खटकतं. 1820 मध्ये नमुना मिळवला अ‍ॅलन कनिंगहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञानं. 1825 मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी नाव दिलं ते मोहिमेचा कप्तान फिलिप पार्कर किंग याचं. वस्तादाला फेटा बांधावा, ना नाही. पण कुस्ती मारणाऱ्यालाही बांधतात की!

"मग आपल्या सरड्याचं काय?" भाच्याचा पुढचा प्रश्न.

कुंपणावर जोर मारणारा आपला सरडा त्या झालरवाल्याचा भाऊबंदच, दोघं अ‍ॅगॅमिडी कुळातले. विणीच्या दिवसांत नराचा गळा लाल होतो, तेवढ्यावरून इंग्रजीत त्याला 'ब्लडसकर', म्हणजे रक्त पिणारा, म्हणून मोकळे झाले. बिचारा खातो किडे! ही नावं ठेवण्याची रीत तर थेट आमच्या गल्लीतली.

पण 2016 मध्ये झकास काम झालं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा एक सरडा आहे. त्याचं नाव ठेवलं 'सरडा सुपर्बा'. ग्रीक नाही, कप्तान नाही. प्रजातीचं नाव चक्क आपलं 'सरडा'. त्याची धाव कुंपणापर्यंत म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी कळवा.

संध्याकाळी भाच्यानं तो ऑस्ट्रेलियातला व्हिडिओ छत्रीलाच नेऊन दाखवला. मी दम धरून बघत होतो. छत्रीनं तो दोनदा बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "पळतंय बाकी लय भारी."