पिन अडकलीय की अडकवलीय?

घरी रेकॉर्ड ऐकायला येणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. बाजू संपते, सुई लेबलाच्या कडेशी पोचते आणि तिथे दीड-दोन सेकंदांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. पाहुणे जरा वेळ कळ काढतात, मग म्हणतात, ‘‘अहो, पिन अडकली तुमची.’’ ती मुद्दाम अडकवलेली आहे असं सांगितलं, की लगेच दुसरा प्रश्न : ‘‘मुद्दाम? कशाला पण?’’ विचारणारा तरुण असेल तर वर आणखी, ‘‘लॅपटॉपवर लूप दोन मिनिटांत होतो की!’’

तुम्हीही परवा तेच विचारलंत, आणि खराबीनं अडकलीय की मुद्दाम अडकवलीय हे ओळखायचं कसं तेही, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूवर आपल्याला शेकडो रेघा दिसतात, पण खाच असते एकच. बाहेरच्या कडेपासून लेबलापर्यंत गोल गोल आत जाणारी. मिनिटाला 33⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. वीस मिनिटांची बाजू धरली तर साधारण 667 फेरे झाले, आणि ती खाच सरळ पसरली तर चारशे मीटरच्या वर भरेल. ही खाच पहिल्यांदा कापली जाते ती लॅकरच्या तबकडीवर. अ‍ॅल्युमिनियमची चकती, तिच्यावर लॅकरचा, म्हणजे एका रोगणाचा, गुळगुळीत थर. लेथवर ती फिरते, तापवलेली कापणी-सुई तिच्यात उतरते आणि केसासारखा बारीक कीस निघतो. तो लगेच नळीने ओढून घ्यावा लागतो. कापणारं डोकं आत सरकवण्याचं काम एक लांब स्क्रू करतो. खाचेचे बहुतेक प्रयोग म्हणजे या स्क्रूशी केलेला खेळ आहे. तो थांबवायचा, उलटा फिरवायचा, किंवा मध्ये जागा सोडून तीच चकती पुन्हा एकदा कापायची.

स्क्रू थांबला की खाच स्वतःलाच येऊन मिळते. अशी बंद खाच तुमच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक एलपीवर आहे. बाजू संपल्यावर सुई लेबलावर चढू नये म्हणून शेवटी ती ठेवलेलीच असते, फक्त मुकी असते. 1967 मध्ये बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’च्या ब्रिटिश आवृत्तीत तिच्यात बडबड भरली, म्हणून ती लोकांच्या लक्षात आली. ज्यांच्या टर्नटेबलचा आर्म आपोआप उचलला जायचा त्यांना ती फार तर ओझरती ऐकू आली असेल. ज्यांचा उचलला जात नव्हता त्यांना खुर्चीतून उठावं लागलं. अमेरिकन रॉक गायक लू रीडनं 1975 मध्ये ‘मेटल मशीन म्युझिक’च्या चौथ्या बाजूचा शेवट असाच बंद केला आणि लेबलावर वेळ छापली : 16:01 किंवा अनंत. तासाभराचा गोंगाट, तोही न संपणारा. मला तो अल्बम पुरता ऐकवत नाही, पण त्या वेळेच्या नोंदीला माझी दाद आहे.

खरी गोष्ट मात्र बीटल्सच्याही जवळजवळ वीस वर्षं आधीची आहे. पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफेर नावाचा इंजिनिअर होता. साल 1948. टेप अजून त्याच्या स्टुडिओत आली नव्हती, हाताशी होती ती तबकड्या कापायची यंत्रं. बातिन्योल स्थानकावर जाऊन त्यानं रेल्वे इंजिनांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांतले तुकडे बंद खाचांमध्ये कापले. ही मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी, त्यामुळे एक फेरा पाऊण सेकंदाचा. शिट्टी, धक्का, चाकांची खडखड, जे काही असेल ते तेवढ्यात बसवायचं. एकदा ऐकलं तर ती आगगाडी असते. आठ-दहा वेळा ऐकल्यावर गाडी नाहीशी होते आणि उरते आवाजाची जात, त्याचा पोत, त्यातून आपोआप जाणवू लागलेली लय. आपल्याकडे आवर्तन असंच फिरून समेवर येतं, पण गवई प्रत्येक फेऱ्यात काही तरी नवीन करतो. इथे आवाज तसूभर बदलत नाही, बदलतो तो ऐकणाऱ्याचा कान. शेफेरला हेच हवं होतं. अशा तबकड्यांतून त्यानं ‘रेल्वेचा अभ्यास’ रचला आणि त्या वर्षी 5 ऑक्टोबरला तो रेडिओवरून गेला. खऱ्या आवाजांपासून संगीत रचण्याच्या त्या पंथाला पुढे म्युझिक काँक्रीट म्हणू लागले. आजच्या लॅपटॉपवरल्या लूपचे हे पणजोबा. तेव्हा ‘हे तर कॉम्प्युटरवर होतं’ म्हणणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच, की कॉम्प्युटर हे इथूनच शिकला.

(शेफेरच्याही आधी, 1922 मध्ये, मोहोली-नॉज या हंगेरियन चित्रकारानं लिहून ठेवलं होतं की तबकडीवर आवाज मुद्रित कशाला करायचा, माणसानं हातानंच चरे ओढावेत आणि त्यातून जो आवाज निघेल तो ऐकावा. चित्रकारच तो.)

बंद खाचेचा मला सर्वांत आवडणारा वापर अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा आहे. हिशोब बघा. 1.8 सेकंदांत चार ठोके बसवले तर मिनिटाला 133⅓ ठोके होतात. टेक्नोची, म्हणजे तिथल्या यंत्रांवर रचलेल्या नाचाच्या संगीताची, साधारण हीच चाल. म्हणजे 33⅓ च्या एका फेऱ्यात टेक्नोचं एक पूर्ण माप बसतं, ना कमी ना जास्त. तिथल्या जेफ मिल्स या डीजेनं 1994 मध्ये ‘सायकल 30’ नावाच्या रेकॉर्डवर अशा बंद खाचांची मालिकाच कापून घेतली. डीजेनं दोन टर्नटेबलांवर दोन खाचा लावायच्या, वेगाची पट्टी जराशी सरकवून ठोके जुळवायचे आणि हवं तितका वेळ ठेवायचं. गाणं किती लांब चालायचं हे रेकॉर्ड ठरवत नाही, नाचणाऱ्यांकडे बघून डीजे ठरवतो. कापणारा होता रॉन मर्फी. नॅशनल साउंड कॉर्पोरेशन या त्याच्या दुकानात डेट्रॉइटच्या कित्येक टेक्नो रेकॉर्ड कापल्या गेल्या. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. तुकडा बरोबर एका फेऱ्याचा हवा, आणि डोकं उचलताना जो सांधा राहतो तो ठोक्याखाली लपला पाहिजे. नाही तर प्रत्येक फेऱ्याला टिक ऐकू येते. वेष्टनावर नाव संगीतकाराचं असतं, पण अशा रेकॉर्डवर निम्मं वादन कापणाऱ्याचं असतं असं मी मानतो.

अतिरेकही झाले. बॉइड राइस या अमेरिकन प्रयोगशील संगीतकारानं 1978 च्या एका सात इंची रेकॉर्डवर 17 बंद खाचा कापल्या आणि मधल्या भोकाशेजारी आणखी एक भोक पाडलं. त्या भोकात बसवून वाजवली की रेकॉर्ड लंगडत फिरते आणि सूर वर-खाली हेलकावतो. 1998 मध्ये आरआरआर रेकॉर्ड्स या कंपनीनं एका एलपीवर पाचशे बंद खाचा बसवल्या. ती एलपी ऐकायला वेळ किती लागतो, हे तुमच्या चिकाटीवर आहे.

आता उलटा स्क्रू. आतून बाहेर वाजणारी रेकॉर्ड दाखवली की लोक तिला गंमत समजतात. ती गंमत नाही, त्यामागे निव्वळ भूमिती आहे. फेरा बाहेरचा असो की आतला, वेळ तेवढाच लागतो, 1.8 सेकंद. पण बाहेरचा फेरा मोठा, त्यामुळे तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलापाशी जेमतेम 21. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून बाजूच्या शेवटी झांजा आणि ‘स’कार फाटल्यासारखे वाटतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची अडचण अशी, की त्यांचा सगळा जोर बहुधा शेवटीच असतो. फ्रेंच संगीतकार रावेलचा ‘बोलेरो’ घ्या. तालवाद्याच्या हलक्या ठोक्यांवर सुरू होतो आणि पाव तासानं अख्खा वाद्यवृंद तुटून पडतो, नेमका सर्वांत अरुंद जागी. टासेट या जर्मन कंपनीनं तो आतून बाहेर कापला. हळू आवाजाचा भाग आत, दणका बाहेर. मला विचाराल तर सगळ्याच ‘बोलेरों’ना हे करायला हवं होतं.

ही कल्पनाही नवी नाही. 1926 पासून व्हायटाफोन या अमेरिकन पद्धतीच्या बोलपटांबरोबर सोळा इंची तबकड्या वाजत, त्या मधूनच सुरू होत. पोलादी सुई वाजता वाजता झिजते, तेव्हा ताजी सुई अरुंद जागी वापरून घ्यावी आणि झिजलेली ऐसपैस जागी, असा तो हिशोब. त्याआधीच्या पाथे कंपनीच्या तबकड्याही मधून सुरू व्हायच्या. कोलकात्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांच्या रेकॉर्ड अशाच पाथे तबकड्यांवर निघाल्या होत्या. त्यांची खाच आडवी नागमोडी नसते, खाली-वर खोल-उथळ असते. त्यामुळे जुन्या बाजारात अशी तबकडी मिळाली आणि साध्या फोनोवर काही धड ऐकू आलं नाही, तर तिला लगेच भंगारात काढू नका.

तिसरा प्रकार जोडखाचेचा. फेऱ्यांमध्ये दुप्पट अंतर ठेवून एक खाच कापायची, मग तिच्या मधल्या मोकळ्या वाटेनं दुसरी. वेळ विभागला जातो, वीस मिनिटांचे दहा-दहा होतात, आणि सुई कुठे टेकली त्यावर काय ऐकू येणार ते ठरतं. 1973 मध्ये माँटी पायथन या विनोदी मंडळींनी आपल्या एका एलपीची एक बाजू अशी कापून घेतली. कापणारा जॉर्ज पेकहॅम, लॅकरवर ‘पोर्की’ अशी सही कोरणारा. वर वात्रटपणा असा, की दोन्ही लेबलांवर ‘बाजू दुसरी’ छापलं आणि जोडखाचेबद्दल अवाक्षर नाही. रोजची ऐकलेली रेकॉर्ड एखाद्या संध्याकाळी भलतंच बोलू लागली, की माणूस आधी स्वतःच्या कानांवर संशय घेतो. सीडीवर तेच विनोद ऐकता येतात, पण हा विनोद सीडीवर निघतच नाही. माझी कसोटी ही आहे. खाच काढून घेतली आणि काहीच बिघडलं नाही, तर तो प्रयोग नुसती सजावट होता.

म्हणून अमेरिकन रॉक गायक जॅक व्हाइटच्या ‘लाझारेटो’बद्दल माझं मत जरा वाकडं आहे. 2014 च्या त्या एलपीत काय नाही? पहिली बाजू आतून बाहेर, दोन्ही बाजूंना बंद खाच, लेबलाच्या कागदाखाली दडवलेली दोन गाणी, त्यातलं एक 78 वर आणि एक 45 वर, रिकाम्या जागेत फिरताना दिसणारी होलोग्रामची आकृती. कारागिरी अव्वल. पण यातलं बरंचसं ‘बघा, आम्हाला हेही येतं’ असं सांगण्यासाठी आहे. अपवाद एका गाण्याचा. ‘जस्ट वन ड्रिंक’ची सुरुवात जोडखाचेत आहे. सुई एका वाटेत पडली तर विजेच्या गिटारीनं, दुसरीत पडली तर साध्या गिटारीनं गाणं सुरू होतं आणि पुढे दोन्ही वाटा एका खाचेत मिळतात. तेवढ्यासाठी ती एलपी मी ठेवली आहे.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न, खराब आहे की मुद्दाम हे ओळखायचं कसं. खराबीतही तुकडा 1.8 सेकंदांचाच येतो, कारण चरा पडलेला असला की सुई उडी मारून मागच्याच फेऱ्यात जाते. तेव्हा कानावर विसंबू नका. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. चरा रेघांना आडवा छेदून जातो. बंद खाच मात्र सुटं कडं असावं तशी दिसते, दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा सोडून. जोडखाच डोळ्यांनी ओळखणं अवघड, तिथे सुई पाच-सहा वेळा सुरुवातीला टेकवून बघणं हाच उपाय. आणि बंद खाच लागली असताना चहा टाकायला जाऊ नका. सुई त्याच कड्यात घासत राहते, आणि सुईच्या आजच्या किमती तुम्हाला ठाऊक आहेत.