टॅगच्या मागचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी बघतो. एसजी आयर्नच्या (ग्राफाइटच्या गोळ्या असलेल्या ओतीव लोखंडाच्या) ब्रॅकेटांचा अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. मापात खोट नाही, कडकपणा बरोबर. तक्रार एकच, ड्रिल मारलेल्या भोकांत लोखंडाचा कीस चिकटून बसतोय, हवा मारली तरी सुटत नाही. गॉसमीटरचा, म्हणजे चुंबकत्व मोजायच्या यंत्राचा, प्रोब भोकाच्या काठाला लावला तर १८ गॉस. गिऱ्हाइकाला चालतात ३.

त्या वेळी आमच्याकडं खानापूरकडचा एक ट्रेनी होता, फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेला. दुपारी तो रिजेक्शनचा लाल टॅग घेऊन टेबलाशी आला. ‘‘सर, हे जमंना झालंय की वो.’’ टॅगच्या मागं बारीक अक्षरात हिशेब. लोखंडाची घनता ७.८७, अणुभार ५५.८५, त्यावरून एका घन सेंटीमीटरमध्ये साधारण ८.५ × १०²² अणू. सुट्या अणूच्या 3d कक्षेत सहा इलेक्ट्रॉन, त्यातले चार एकटे (जोडीतले एकमेकांना खोडतात), म्हणून प्रत्येक अणूमागं चार बोर मॅग्नेटॉन, म्हणजे एकेका इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाची चार मापं. सगळे एका दिशेला धरले की जवळजवळ ४०,००० गॉस. आणि मीटरवर १८!

गुणाकार बिनचूक होता. पोरानं निदान कागद-पेन्सिल हातात घेतली याचं मला कौतुकच वाटलं. आमच्याकडं एरवी रिजेक्शन आलं की आधी वाद रंगतो. पण त्याचा अणू सुटा होता. धातूत हे इलेक्ट्रॉन एकेका अणूच्या मालकीचे राहत नाहीत, ते सगळ्या स्फटिकभर पसरतात. मग ‘वर’ आणि ‘खाली’ स्पिनवाल्यांच्या (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकाची दिशा समजा) संख्येतला फरक दर अणूमागं चार राहत नाही, सरासरी २.२ उरतो. म्हणून तर अपूर्णांक येतो. चारच्या जागी २.२ घालायला सांगितलं. उत्तर आलं २२,००० गॉसच्या आसपास. शुद्ध लोखंड पूर्ण भारलं की प्रत्यक्ष मोजमापही तिथंच येतं, खोलीच्या तापमानाला किंचित कमी. मूठभर आकड्यांवरून एवढं जमतं याची मला अजून गंमत वाटते. आमच्या एसजीत सिलिकॉन असतं, शिवाय ग्राफाइटच्या गोळ्या दहाएक टक्के जागा खातात, तेव्हा आमची कमाल आणखी खाली.

‘‘मग १८ च कसं?’’

कारण २२,००० ही ऐपत झाली. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियर वाइसनं १९०७ च्या सुमारास मांडलं तसं, लोखंडाच्या आत छोटे छोटे प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेश आतून पुरता भारलेला, पण तोंडं वेगवेगळ्या दिशांना, त्यामुळं एकमेकांना खोडतात. गॉसमीटरला पिसाच्या, म्हणजे ब्रॅकेटच्या, बाहेर जे उरतं तेवढंच दिसतं. तेव्हा विचारायचं ते हे, की या प्रदेशांना एका बाजूला ढकललं कुणी?

ते आम्हीच. भेगा शोधायला मॅग्नाफ्लक्स करतो, त्यात पीस भारावाच लागतो. नंतर तो एसी कॉइलमधून काढायचा. कॉइल चालू ठेवूनच पीस हळूहळू हातभर लांब न्यायचा, म्हणजे उलटसुलट होणारं क्षेत्र त्याला कमी कमी मिळत जातं आणि प्रदेश पुन्हा विस्कटतात. ट्रेनीला घेऊन कॉइलपाशी उभा राहिलो. ऑपरेटर पीस आत ठेवायचा, थोडं थांबायचा आणि पीस आत असतानाच बटण बंद! ज्या क्षणी वीज तुटेल तेव्हा जेवढं क्षेत्र असेल, तेवढ्याची खूण राहणारच.

भट्टीत घालून ७७० अंशांच्या वर नेऊया, चुंबकत्व आपोआप जाईल, असंही एक जण म्हणाला. जाईल की, पण मशीनिंग झालेल्या पिसाची मापंही जातील. ट्रेनीनं मग एकेक ब्रॅकेट चालू कॉइलमधून नीट ओढून काढला. १ गॉस, दीड गॉस.

रिपोर्टमध्ये त्यानं उत्साहानं २२,००० चा हिशेबही जोडला होता. मॅनेजरांनी तो आधी काढायला लावला. ‘‘एवढा मोठा आकडा बघून ते लॉट परत पाठवतील, बघ!’’