संशोधन संस्थेतला हॅम क्लब आणि गप्प राहण्याचे वेळापत्रक

संशोधन संस्थेत हॅम रेडिओ (म्हणजे परवाना घेऊन चालवायचा हौशी रेडिओ) क्लब काढायचे ठरले की गच्चीवर अँटेना कुठे उभी करायची, कोणता ट्रान्सीव्हर (पाठवणारे आणि ऐकणारे एकत्र यंत्र) घ्यायचा आणि कॉल साइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, कोणती मिळेल यावरच पहिल्या काही बैठका खर्ची पडतात. क्लब चालवण्याची जबाबदारी अंगावर आल्यापासून माझे मत मात्र असे झाले आहे की अशा ठिकाणी सर्वांत आधी ठरवायला हवे ते केव्हा बोलायचे नाही. आमच्या क्लबच्या खोलीत दारामागे पहिला कागद लावलेला आहे तो कोणत्या प्रयोगशाळेत कोणत्या तासांना मोजमापे चालू आहेत याचा. बँड प्लॅनचा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कोणते काम करायचे याचा, तक्ता त्याच्या खाली आहे.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारांच्या जोडीत) तापमान एका अंशाने बदलले की व्होल्टेज जेमतेम ४१ मायक्रोव्होल्टने बदलते, आणि त्याच्या लांबच लांब तारा नाइलाजाने अँटेनाचेही काम करतात. जवळच्या गच्चीवरून १०० वॉटचे प्रक्षेपण सुरू झाले की त्या तारांवर आलेली रेडिओ ऊर्जा अॅम्प्लिफायरच्या पहिल्याच टप्प्यात रेक्टिफाय होते, म्हणजे एकदिश व्होल्टेजमध्ये बदलते, आणि आलेखावर तापमान अकारण सरकलेले दिसते. ट्रान्समीटर बंद झाला की रेघ निमूटपणे पूर्वीच्या जागी येते. एफटी८ वर (संगणकाकरवी छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर) काम चालू असेल तर हा दोष लगेच ओळखू येतो, कारण त्या पद्धतीत पंधरा सेकंद पाठवायचे आणि पंधरा सेकंद ऐकायचे असा क्रम असतो, त्यामुळे आलेखावर बरोबर तीस सेकंदांच्या अंतराने पायऱ्या उमटतात. म्हणूनच लॉगमध्ये, म्हणजे स्टेशनच्या नोंदवहीत, वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणि मिनिटापर्यंत अचूक लिहिण्याचा आग्रह मी सोडत नाही. एखाद्या विभागाची तक्रार आली की त्यांचा आलेख आणि आमचा लॉग शेजारी ठेवायचा. आपला दोष असेल तर तो तिथेच दिसतो आणि नसेल तर वादही तिथेच मिटतो. संस्थेत रेडिओ खगोलशास्त्राचा रिसीव्हर असेल तर नियम याहून कडक लागतात, कारण हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा ज्यात येते तो १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार केवळ ऐकण्यासाठी राखलेला आहे, आणि आपल्या ट्रान्समीटरचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत उमटणारे नकोसे सिग्नल) तिथे पोहोचत नाहीत हे स्पेक्ट्रम अॅनलायझरवर दाखवून देण्याची जबाबदारी क्लबचीच असते.

त्रासाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो, आणि खरे तर जास्त वाहतो. स्विचिंग पॉवर सप्लाय, मोटरांचे वेग बदलणारे ड्राइव्ह आणि स्वस्तातले एलईडी दिवे मिळून शॉर्टवेव्हवर असा गोंगाट करतात की ४० मीटरच्या बँडवर एस-मीटरची (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकाची) सुई एस७ च्या खाली उतरतच नाही. एस-मीटरचा प्रत्येक अंक म्हणजे ६ डेसिबल, तेव्हा एस३ ला ऐकू येणारे दूरचे स्टेशन त्या गोंगाटाच्या २४ डेसिबल खाली गाडले गेलेले असते. गोंगाटाचा उगम शोधण्यासाठी आम्ही हातात मावणारी लूप अँटेना आणि बॅटरीवर चालणारा छोटा रिसीव्हर घेऊन निघतो. आवाज कुठे सर्वांत मोठा आहे हे नवखे सदस्य पाहत बसतात. परंतु लूप फिरवताना आवाज सर्वांत मोठा कुठे होतो ते नेमके कळत नाही, तो कुठे नाहीसा होतो ते मात्र नेमके कळते, त्यामुळे लूप फिरवत आवाज ज्या कोनात नाहीसा होतो तो टिपायचा, थोडे पुढे जाऊन पुन्हा टिपायचा आणि दोन्ही रेषा कुठे छेदतात ते पाहायचे. खोली सापडली की त्या विभागाच्या परवानगीने एकेक उपकरण बंद करून बघायचे. दोषी केबल मिळाली की ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, गोंगाट अडवणाऱ्या फेराइट कड्यातून तिचे अनेक फेरे काढायचे. एक फेरा घालून कड्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तीन फेऱ्यांत तो नऊपट होतो.

हे काम संस्थेच्याही उपयोगाचे ठरते. आमच्या रिसीव्हरला छळणारा गोंगाट बहुधा शेजारच्या प्रीअॅम्प्लिफायरमध्येही शिरलेला असतो आणि तो तिथे कुठून येतो याचा पत्ता कोणाला लागलेला नसतो. क्लबला गच्चीची किल्ली मिळते ती परदेशी स्टेशनांशी किती संपर्क झाले यामुळे नव्हे, तर लूप घेऊन हिंडणाऱ्या या मंडळींमुळे, असे मला वाटते.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येक नव्या संचालकांना समजावून सांगावी लागते: क्लबचे स्टेशन संस्थेच्या कार्यालयीन कामासाठी वापरता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार हौशी सेवा ही स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक शोध यांसाठी असते आणि तिच्यात आर्थिक हेतू नसावा लागतो. शिवाय अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करण्यालाही मनाई आहे. त्यामुळे प्रकाशित न झालेल्या कामाविषयी हवेवर गप्पा मारू नयेत, हा नियम सुरक्षा विभागाने सांगण्याआधी आम्हीच करून टाकला.

सदस्यांची तऱ्हा वेगळीच आहे. संशोधकांच्या हाती छंद दिला की त्याचा प्रकल्प व्हायला वेळ लागत नाही. डब्ल्यूएसपीआर बीकन (क्षीण सिग्नल कुठवर पोहोचतो ते तपासण्यासाठी आपोआप चालणारे प्रक्षेपक) लावले, माहिती आपोआप साठवली, तिचे आलेख काढले, आणि मायक्रोफोनवर मात्र धूळ. अर्थात डब्ल्यूएसपीआरचे जनक आणि एफटी८ चे सहजनक जो टेलर हे स्वतःच नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ आहेत. २०१० च्या एप्रिलमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीची ३०५ मीटरची डिश वापरून ४३२ मेगाहर्ट्झवर चंद्रावरून परावर्तित होणारे संदेश पाठवले, आणि साध्या छोट्या अँटेना असलेल्यांनाही ते ऐकता आले. अशा माणसाचे उदाहरण समोर ठेवले की तक्रार करायला तोंड राहत नाही. तरीही आठवड्यातली एक संध्याकाळ आम्ही केवळ आवाज आणि मोर्स यांसाठी राखली आहे. त्या वेळी संगणकाला सुट्टी असते आणि कार्यशाळेतले तंत्रज्ञ, ज्यांचा मोर्सचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा सफाईदार आहे, ते प्राध्यापकांना शिकवतात.

मे २०२४ मधल्या भूचुंबकीय वादळासारख्या घटनांत दोन्ही पंथ एकत्र येतात. शॉर्टवेव्हचे बँड ओस पडतात तेव्हा बीकनवाल्यांकडे आलेख असतात आणि कानांवर भिस्त ठेवणाऱ्यांकडे कोणत्या दिशेचे स्टेशन आधी गेले व कोणते आधी परतले याच्या नोंदी असतात. वादळाचे चित्र दोन्ही जुळवूनच पुरे होते.

सध्या आमचे काम कपाट आवरण्याचे आहे. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात, ज्येष्ठ निवृत्त होतात आणि कोणता ट्यूनर संस्थेचा, कोणता देणगीतला आणि कोणता कोणी घरून आणून विसरलेला याचा घोळ मागे राहतो. प्रत्येक वस्तूवर मालकाची चिठ्ठी लावणे, गच्चीवरच्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना क्रमांक देणे आणि वीजरोधकाचे अर्थिंग इमारतीच्या मुख्य अर्थिंगला कुठे जोडले आहे याचा नकाशा काढणे, एवढे पावसाळ्यापूर्वी संपवायचे आहे. चंद्रसंपर्कासाठी डिश हवी म्हणणाऱ्या गटाला मी तोपर्यंत थांबायला सांगितले आहे, आणि ते अधूनमधून येऊन किती चिठ्ठ्या उरल्या याची चौकशी करून जातात.