रोल संपवण्यासाठी

दुपारी साडेतीनला चहाचं आधण ठेवताना फ्रिजशेजारच्या कालनिर्णयकडे नजर गेली. मंगळवारच्या चौकोनात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'खाडा'. दूधवाल्याचा नव्हे. तो हल्ली पहाटे पिशवी दाराला अडकवून जातो आणि पैसे फोनवर घेतो, त्याचे खाडे लिहायची सोय राहिलेली नाही. हा खाडा माझा. मंगळवारी फोटो काढायचा राहिला.

पाडव्यापासून रोज एक फोटो काढते आहे. एकच. नियम माझे मीच केलेत, त्यामुळे कुणाकडे तक्रारही करता येत नाही: सूर्यास्त नाही, सजवलेलं ताट नाही, आणि 'जरा इकडे बघ' तर मुळीच नाही. पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग घर संपलं. कुंडी झाली, चपला झाल्या, सांडशी झाली, वाळत घातलेल्या कुरडया दोनदा झाल्या. दोन खोल्यांच्या घरात असतं तरी काय? शिवाय एक दिवस मीच मला पकडलं. ओट्याचा फोटो काढायचा होता, तर आधी फडकं बाजूला सारलं, कपावरचा चहाचा ओघळ पुसला, शेंगदाण्याची टरफलं फुंकली आणि मग फोटो काढला. रोजच्या जगण्याची नोंद ठेवायला निघालेली बाई रोजचं जगणं फडक्याने पुसत होती.

खूळ माझं नाही, उसनं आहे. न्यूयॉर्कमध्ये जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक गृहस्थ होता. ३१ मार्च १९७९ला त्याने पोलरॉइडवर एक फोटो काढला. संकल्प वगैरे काही नव्हता; काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात आलं, की आपले दिवसाला साधारण एक असे फोटो होतायत. मग तेच चालू ठेवलं. अठरा वर्षं, सहा हजारांवर फोटो. पोलरॉइडमध्ये खटका दाबला की कागद समोरून बाहेर येतो आणि प्रत्येक कागदाला पैसे पडतात. एकावर थांबायची शिस्त त्याला कॅमेऱ्यानेच लावली असणार, असा माझा आपला कयास. त्यातले बरेच फोटो मित्रांच्या घोळक्यातले, जेवणाच्या टेबलावरचे, कुणी कुठेतरी बघतंय असे. आपल्या घरी हे आले असते तर 'हा कशाला धुतला?' असं विचारलं असतं. २५ ऑक्टोबर १९९७ला, बरोबर एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो कॅन्सरने गेला. त्या दिवसाचाही फोटो आहे.

आमच्याकडे मात्र 'हा कशाला धुतला' हा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा होता. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. मागे लाल काचेची बारीकशी खिडकी, तिच्यातून आकडा सरकताना दिसायचा, आणि बाराला रोल खलास. बारा फोटो म्हणजे वर्षाचा ऐवज. गणपतीत चार, दिवाळीत दोन, कुणाचं बारसं, कुणाची मुंज. साताऱ्याच्या आमच्या घराच्या ओसरीवर सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करून बाबा पाच मिनिटं नुसते मागेपुढे व्हायचे. सूर्य त्यांच्या पाठीशी हवा, म्हणून आमच्या डोळ्यांत. त्यामुळे सगळ्या गणपतींच्या फोटोंत आम्ही भावंडं सारखीच कपाळाला आठ्या घालून उभी आहोत. नव्या फ्रॉकवरून वर्ष ओळखायचं. आणि तो फ्रॉक धाकटीला गेला की तेही नाही.

पण अकरा फोटो झाले, की पंचाईत व्हायची. एक उरला म्हणून रोल काढता येत नाही, आणि आत मामाच्या लग्नाचे फोटो अडकलेले. आजी रोज विचारणार. मग एखाद्या रविवारी, महाशिवरात्रीच्या आसपास, बाबा परसात जायचे, कुणालाही हाक न मारता समोर जे असेल ते टिपायचे आणि सायकलवरून पोवई नाक्याकडे रोल धुवायला टाकून यायचे.

तसला एक फोटो माझ्याकडे आहे. अल्बममध्ये त्याला जागा मिळाली नव्हती, निगेटिव्हच्या पाकिटात पडून होता. चिमुकला चौकोनी, कालनिर्णयच्या चौकोनापेक्षा किंचित मोठा. डावीकडे तांब्याचा बंब, त्यात घातलेलं लाकूड अर्धं बाहेर. दोरीवर पंचा आणि कुणाचा तरी परकर. अर्धी बादली. आजी पाठमोरी बसून सुपात तांदूळ निवडते आहे. मानेजवळ अंबाडा सुटत आलाय, एका हाताने तो सावरायचा की खडा काढायचा, हे ठरलेलं नाही. मागे बाबांचं बारीक, सरळ अक्षर. ते प्रत्येक फोटोमागे तारीख आणि प्रसंग लिहीत. इथे तारखेपुढे लिहिलंय, 'रोल संपवण्यासाठी'.

भावंडांच्या ग्रुपवर मी तो टाकला, तर गणपतीच्या एकाही फोटोवर झाली नव्हती एवढी वादावादी झाली. पंचा कुणाचा? बंबाची तोटी उजवीकडे होती की डावीकडे? त्यावरून दोन चुलतभाऊ आठवडाभर बोलले नाहीत, म्हणजे टाइप केलं नाही.

श्रावणात कालनिर्णयवर ओळीने अकरा खाडे आहेत. बाबा दवाखान्यात होते. या अकरा दिवसांत एकही फोटो निघाला नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. मलाही तसंच वाटत होतं. परवा फोनमधली जागा संपली म्हणून गॅलरी उपसायला बसले, तर त्या अकरा दिवसांचे एकशे चाळीस फोटो. रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्जची फाइल, कॅन्टीनचं कूपन, पार्किंगची पावती, पलंगाचा नंबर. हे फोटो आहेत, असं काढताना मनातही आलं नव्हतं. एकात गोळ्यांची पट्टी आहे. केमिस्टला नाव पाठवायचं होतं आणि मला चष्मा सापडत नव्हता, म्हणून बाबांनी ती तळहातावर धरली. सुईची पट्टी चिकटवलेला हात. नखं वाढलेली. गोळीचं नाव अगदी स्पष्ट आलंय.

बाकीचे एकशे एकोणचाळीस मी पुसून टाकले.

बाबा आता बरे आहेत, म्हणजे कुरकुर सुरू झाली आहे. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते गॅलरीत बसून मटार सोलत होते.

"आजचा काढलास का?"

"नाही अजून."

मी फोन उचलला मात्र, त्यांनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं, शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसले. थेट ओसरीवरचा गणपती. एवढंच नव्हे, तर मलाच म्हणाले, "अगं, सूर्य तुझ्या पाठीशी घे."

मी फोन तसाच धरून थांबले. कंटाळून पुन्हा शेंगेला हात घालतील, मग काढू. ते हलेनात. बारा फोटोंच्या काळातला माणूस, त्याला थांबायची सवय आमच्यापेक्षा जास्त. मग बेल वाजली, कचरेवाल्या मावशी आल्या होत्या, आणि मी डबा घेऊन गेले. परत आले तोवर मटार संपले होते.

चौकोनात काय लिहू, ते ठरलेलं नाही.