येताना लागतो, जाताना नाही

आमच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा पहिल्यांदा दिसला आईला. मी रस्त्याकडं बघत होतो असं माझं म्हणणं, गाणं बदलत होतो असं तिचं. श्रावणातला सोमवार, यवतेश्वरचं दर्शन घेऊन घाट उतरत होतो, समोर अर्धा ढगात अजिंक्यतारा, खाली सातारा, आणि आई एकदम म्हणाली, "अरे, ते लाल उद्गारचिन्ह कसलं?" मी बघेपर्यंत गायब. हिला चष्म्याचा नंबर बदलायला झालाय असं मनात म्हणालो, मोठ्यानं म्हणालो असतो तर जेवण मिळालं नसतं.

पुढच्या सोमवारी मलाही दिसला. शेवटच्या वळणांवर दोनदा लागला, दोनदा विझला, आणि समर्थ मंदिराच्या चौकात आलो तर असा गप्प की जसा कधी नव्हताच. तसाच गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेलो. त्यानं किल्ली फिरवली, ब्रेक दाबून बघितला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "दादा, दिवा कुठाय?" आता काय सांगणार. पायडल कडक आहे, गाडी चालवा, पण पायडल मऊ लागलं किंवा खाली गेलं तर जागची हलवू नका, मला फोन करा, असं म्हणून त्यानं एक पैसा घेतला नाही, त्यानं तर मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. बायकोला सांगितलं तर ती म्हणे, तुमच्या घोरण्यासारखंय, जागं केलं की बंद.

मग ठरवलं की आपणच शोधायचं. हा दिवा मुळात दोन कारणांनी लागतो, एकतर हँडब्रेक ओढलेला असतो किंवा ब्रेक ऑइल कमी असतं, आणि दोघांना मिळून दिवा एकच. (चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा पिवळा दिवा वेगळा, त्याचं दुखणं वेगळं.) बनवणाऱ्यानं असं का केलं असेल कोण जाणे, दोन भाऊ आणि एकच मोबाईल नंबर असल्यासारखं आहे हे, उचलला कुणी कळतच नाही.

पहिला संशय हँडब्रेकवर. दांड्याच्या बुडाशी एक बारीक बटणासारखा स्विच असतो, दांडा पूर्ण खाली बसला की तो दाबला जातो आणि दिवा विझतो. दांडा एकच दात वर ओढून बघितला, दिवा लगेच लागला. म्हणजे नीट बसत नसेल तर? कव्हर काढलं. आत शेंगांची टरफलं, कंदी पेढ्याच्या बॉक्सचा दोरा, एक रुपयाचं नाणं आणि माझा गेल्या वर्षी हरवलेला पेनाचा टोपण. सगळं साफ केलं, स्विच पुसला आणि घरात जाऊन जाहीर केलं, झालं काम. आई काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला नंतर कळलं.

कास पठार 2012 साली युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हापासून आमच्याकडं पाहुण्यांना तोटा नाही, फुलं असोत नसोत. त्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे आले, त्यांना वर नेऊन आणलं आणि घाट उतरताना दिवा परत लागला, तोही पाहुण्यांसमोर. घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे तो येतानाच लागतो. जाताना कधीच नाही." तुला कसं माहीत, तर म्हणे लिहून ठेवलंय.

तेव्हा मला तो धागा हाताला लागला खरा. चढावर गाडीचं नाक वर, उतारावर खाली, म्हणजे जे काही हलतंय ते पातळ आहे. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या बाटलीत एक फ्लोट तरंगत असतो, पाण्याच्या टाकीतल्या बॉलचा धाकटा भाऊच, त्यात मॅग्नेट, ऑइल खाली गेलं की फ्लोट खाली बसतो आणि स्विच जोडला जातो. आमचं ऑइल बरोब्बर मिनच्या, म्हणजे कमीत कमीच्या, रेघेवर. सपाटीला पास, उतारावर पुढं सरकलं की मागच्या अंगाचा फ्लोट नापास.

खात्री करायची म्हणून गाडी अंगणात सपाट जागी लावली, गियरमधून काढली, चाकांना पुढंमागं विटा, हँडब्रेक खाली, इंजिन चालू. बायको आत बसली आणि मी मागून गाडी हिंदकळवायला लागलो. "आला. गेला. आला. अहो हळू. गेला." शेजारचे काका पेपर खाली ठेवून बघत राहिले. मग इंजिन बंद करून बाटलीच्या बुडातलं दोन वायरींचं कनेक्टर काढलं आणि परत तोच खेळ. आता बायको आत नुसतीच बसलेली. कितीही हलवा, दिवा नाही. कनेक्टर तेवढं आठवणीनं परत लावलं.

दुकानातून ब्रेक ऑइलची, डॉट 4 ची बाटली आणायला चप्पल घातलीच होती, पण आधी मिस्त्रीला फोन केला. तो जवळजवळ ओरडलाच. "वतू नका दादा! ऑइल गेलं कुठं ते आधी बघा." चाकांच्या आतल्या अंगानं बघितलं, पायडलच्या मागं हात घातला, सगळं कोरडं. गळती नाही. मग चाकाच्या फटीतून मोबाईलची बॅटरी मारली तर पुढचे ब्रेक पॅड झिजून अडीच-तीन मिलीमीटर उरलेले. पॅड झिजला की त्याला चाकाच्या चकतीवर दाबणारा कॅलिपरचा पिस्टन तेवढा पुढं येतो आणि त्याच्यामागची जागा भरायला बाटलीतलं ऑइल खाली जातं, इतकं साधं. कुठं सांडलं नव्हतं, फक्त जागा बदलली होती.

चौथा सोमवार उरकून गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीनं जुने पॅड काढले आणि पिस्टन मागं रेटायला लागला, मला म्हणाला तिकडं बाटलीवर नजर ठेवा. आणि ऑइल चढायला लागलं. थेंबही न घालता, हळूहळू, मिनच्या रेघेवरून वर, पार मॅक्सच्या जवळ. मी वरून भरलं असतं तर आत्ता ते उतू गेलं असतं आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. ऑइल मात्र चहासारखं काळपट झालेलं, ते हवेतलं पाणी ओढतं, नवं डॉट 4 उकळायला किमान 230 अंश लागतात, पाणी मुरलेलं 155 लाच उकळू शकतं आणि घाटात ब्रेक तापतात, तिथं ते परवडायचं नाही, म्हणून नंतर तेही बदललं. ते बिल वेगळं.

दिवा गेला तो गेलाच. पण एक तारखेला सकाळी फाटकाशी दूधवाल्याचा आवाज चढलेला. "वैनी, म्या सहा खाडं केलंच न्हाईत!" बायको दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर घेऊन उभी. चार सोमवार आणि पाहुण्यांचे दोन दिवस, सहा चौकोनात आईच्या अक्षरात ठळक 'ख'. आई आतून आली, चष्मा सावरला आणि म्हणाली, "अगं, तो खाडा नाही. खाली उतरताना."