आठवा मानूस

मला एक खोड आहे, कोणी चुकीचं लिहिलं की बोटं शिवशिवतात. फॅमिली ग्रुपवर वाढदिवसाला कोणी 'आशिर्वाद' टाकला की मी केकचा फोटो बघतच नाही, आधी खाली स्टार देऊन 'आशीर्वाद' लिहितो, मग जेवण गोड लागतं. 'गरीब' दीर्घ पण 'गरिबाला' ऱ्हस्व, हे तर इतक्यांदा सांगितलंय की चुलतभावाने ग्रुपच म्यूट केला म्हणे.

एकदा वैतागून लिहिलं, 'शुध्दलेखनाकडे जरा लक्ष द्या'. सातवीतल्या पुतणीने स्क्रीनशॉटवर लाल गोल काढून टाकला, काका, द अर्धा आणि ध पूर्ण असतो. दोन दिवस गप्प होतो. (दोनच.)

परवा रावेरहून आबांचा मेसेज आला, 'उद्या सकायी केयी कापाची, मानसं ८ लागतीन.' मी लगेच खाली, *सकाळी *केळी *माणसं. आबा म्हणे, 'न ची मानसं घड उचलतीन नही का भो?'

सगळे हसले, मीपण. पण मग डोक्यात राहिलंच ते, कारण आमच्याकडे जळगावचंही जयगाव होतं आणि डोळ्याचा डोया. आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या गेल्या १९५१ ला, पुढच्या वर्षी कविता पुस्तकात आल्या तेव्हा 'मानूस' न नेच छापला, ण करायला कोणी स्टार घेऊन धावलं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ ला वाढवलेले ४, सगळे मला पाठ, पण ते प्रमाण मराठीचे, आणि आबा काही अर्ज लिहीत नव्हते, घरात बोलतात तसं बोलत होते. आशिर्वाद मात्र मी सोडणार नाही, ती चूकच.

आणि आबा विचारत होते काय, मी सांगत होतो काय! येतो म्हणून ग्रुपवर एकानेही लिहिलं नव्हतं, स्टारवाल्यानेही नाही.

सकाळी गेलो. सात जण आलेले. दुपारपर्यंत घड वाहून खांदा सुजला, शर्टवर चिकाचे डाग पडले ते काही आता निघत नाहीत. आबांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'आठवा मानूस भेटला'. बोट सवयीने स्टारकडे गेलंच होतं, पण हाताला सगळा चीक, स्क्रीन काही उघडेना.